एचबीएवनसीच्या रिपोर्टखाली एक ओळ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या आरोग्य पुरवणीतलं कात्रण खिशात घेऊन आमच्या लॅबच्या काउंटरवर आले. निवृत्त शिक्षक, साठी ओलांडलेले, नऊ वर्षांची शुगर. मधुमेहींच्या डोळ्यांचा धोका आता साध्या रक्ततपासणीतून कळणार, असा मथळा होता. त्यांनी कात्रण काचेवर पसरलं, तळहाताने घड्या मोडल्या आणि म्हणाले, "मॅडम, ही एनएलआर टेस्ट करून द्या. म्हणजे बाहुली मोठी करायचे थेंब टाकून पडदा तपासायला सोलापूरला जायला नको."

मी बार्शीत एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये २७ वर्षं तंत्रज्ञ आहे. त्यांच्या त्या दुसऱ्या वाक्याने माझ्या पोटात धस्स झालं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी ती टेस्ट काय आहे ते सांगते. एनएलआरसाठी वेगळं रक्त लागत नाही की वेगळं केमिकल लागत नाही. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीसाठी, आम्ही जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त घेतो, सेल काउंटर पांढऱ्या पेशी मोजतो आणि त्यात कोणत्या जातीच्या किती, त्याची टक्केवारी छापतो. गुरुजींच्या पिशवीत महिनाभरापूर्वीचा सीबीसी होताच. न्यूट्रोफिल जातीच्या ५८ टक्के, लिम्फोसाइट जातीच्या ३४. काउंटरवरचा कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला आणि ५८ भागिले ३४ करून दाखवलं. उत्तर आलं १.७. हाच एनएलआर. एक ते तीनच्या मध्ये असला तर साधारण ठीक समजतात. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. हाच भागाकार पॅकेजमध्ये भारी नाव देऊन विकलेलाही मी पाहिला आहे, आणि तो विकत घेऊन निश्चिंत झालेली माणसंही.

बातमी मात्र खोटी नव्हती. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याचं जे नुकसान होतं, त्यात दाहाचा वाटा आहे हे आता चांगलंच समजलेलं आहे. दाह म्हणजे सूज, आणि सूज म्हटलं की आपल्याला सुजलेला पाय आठवतो, ही तशी वरून दिसणारी सूज नव्हे. पडद्यातल्या केशवाहिन्या इतक्या बारीक की लाल पेशीला त्यातून अंग चोरूनच जावं लागतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की या वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, पांढऱ्या पेशी त्याला चिकटून बसतात आणि वाट अडते. वाहिनीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात, भिंतीला टाचणीच्या टोकाहून बारीक फुगे येतात, त्यांतून पाणी आणि चरबी झिरपते. ज्या भागाला रक्त कमी पडतं, तो व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्याच्या सांगण्यावरून नव्या वाहिन्या फुटतात. पण त्या कच्च्या असतात. एक दिवस त्यातली एखादी फुटते आणि डोळ्यापुढे काळी जाळी पसरते. डोळ्यात देतात ती बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब ही इंजेक्शनं या व्हीईजीएफलाच अडवतात. काहींना डोळ्यात स्टिरॉइड देतात आणि पडद्याची सूज उतरते. दाहाचा हात आहे, हे त्यावरूनही दिसतं.

हा विचार नवाही नाही. संधिवातासाठी सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातली औषधं घेणाऱ्या मधुमेहींच्या पडद्यात बिघाड कमी दिसतो, असं निरीक्षण १९६४ साली लॅन्सेटमध्ये आलं होतं. केवढी आशा वाटली असेल तेव्हा! पुढे अमेरिकेत ईटीडीआरएस नावाचा मोठा अभ्यास झाला. ३,७११ रुग्ण घेतले, काहींना रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. १९९१ मध्ये निष्कर्ष आला: ॲस्पिरिनने पडद्याचा आजार ना थांबला, ना वाढला. लेसरने मात्र दृष्टी वाचते, हे त्याच अभ्यासातून पक्कं झालं. कल्पना बरोबर असली, तरी ती माणसाच्या डोळ्याला उपयोगी पडेपर्यंत मध्ये बरंच अंतर असतं.

रक्तातल्या आकड्यांचंही तसंच आहे. अभ्यासात दोन गट घेतात, पडदा बिघडलेल्या मधुमेहींचा आणि न बिघडलेल्यांचा. पहिल्या गटाची एनएलआरची सरासरी बऱ्याचदा जास्त निघते. सीआरपी या दाह दाखवणाऱ्या दुसऱ्या तपासणीचं चित्र तर अभ्यासागणिक बदलतं. ज्यांचा पडदा बिघडलेला असतो, त्यांची किडनीही पुष्कळदा बिघडलेली असते, पायाला जखमा असतात, शुगर जुनी असते. मग वाढलेला आकडा डोळ्याचा, किडनीचा की पायाच्या जखमेचा? आणि सरासरी ही गटाची असते. दोन्ही गटांतले आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या एका माणसाचा १.७ बघून तो कोणत्या गटातला, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही.

आम्ही दंडातून रक्त काढतो. त्यात अख्ख्या शरीराची खबर असते. पडदा केवढासा, मोठ्या टपाल तिकिटाएवढा. त्याची कुरबुर त्या सगळ्या कलकलाटात कुठून ऐकू येणार?

आमच्या टेबलावर हे आकडे कशाकशाने हलतात, ते रोज पाहते. कोणी दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असेल, तर न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट उतरतात, एनएलआर चढतो. व्हायरल तापात बऱ्याचदा उलटं होतं, लिम्फोसाइट वाढतात आणि एनएलआर छान दिसतो. सीआरपी लिव्हर तयार करतं आणि शरीरात कुठेही संसर्ग झाला की दिवसभरात कित्येक पट वर जातं. ईएसआर म्हणजे नळीतलं रक्त किती वेगाने खाली बसतं त्याची तपासणी. तिची नळी स्टँडवर नीट उभी नसेल, थोडी कललेली असेल, तरी रक्त भराभर खाली बसतं आणि आकडा वाढतो. नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, नळी ओळंब्यात बघा. अंगात रक्त कमी असलं तरी ईएसआर वाढतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या किती बायकांचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली असतं, ते काय सांगू.

पांगरीकडच्या एक मावशी येतात. मागच्या वर्षी त्यांचा ईएसआर ८२ आला. मुलाने मोबाइलवर काहीबाही वाचलं आणि आईचे डोळे जाणार म्हणून घर रडायला लागलं. मावशींची खालची दाढ किडून पू झाला होता. दाढ काढली, दीड महिन्याने आकडा २६ वर आला. धसक्यापायी का होईना, मुलाने डोळे तपासून आणले होते. पडदा दोन्हीकडे स्वच्छ.

आणि आता माझ्या दादाचं.

दादा बार्शीच्या बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी होता. तूर, ज्वारी, हरभरा, कोणाचा किती माल, कोणाची किती पट्टी, सगळं त्याच्या हातचं. २००८ साली शुगर निघाली. तेव्हापासून त्याचं रक्त मीच काढत आले. दर तीन महिन्यांनी सकाळी उपाशी यायचा, बाही वर करून स्टुलावर बसायचा आणि रिपोर्ट हातात पडला की विचारायचा, "पास का नापास?" एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, सात ते आठच्या मध्ये असायचं. मी म्हणायचे, "पास, पण काठावर." तो हसून चहा प्यायला जायचा.

२०१९ च्या दिवाळीआधी तो मला म्हणाला, "माई, वहीच्या रेघा वाकड्या दिसतात गं. पाण्यात भिजून वाळल्यासारख्या. जमा आणि नावेच्या मधली उभी रेघ मध्येच पोट काढते." मी म्हटलं, नंबर वाढला असेल. चष्म्याच्या दुकानात जाऊन त्याने काच बदलली. दोन महिन्यांनी पुन्हा बदलली. एका शेतकऱ्याच्या पट्टीत तिनाचे आठ वाचले गेले आणि दुकानात बोलणं खावं लागलं, तेव्हा कुठे वहिनी त्याला सोलापूरला पडद्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही बरोबर होते. थेंब टाकले, अर्ध्या तासाने बाहुली मोठी झाली, डॉक्टरांनी आत पाहिलं, मग स्कॅन काढला. स्क्रीनवर पडद्याचा उभा छेद दिसत होता. मधोमध खळगा दिसायला हवा, तिथे टेकडी उभी राहिली होती आणि तिच्या आत काळ्या पोकळ्या, पाण्याने भरलेल्या. दादाची वाकडी रेघ मला त्या टेकडीवर दिसली. उजव्या डोळ्यात नव्या वाहिन्याही फुटलेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "याआधी पडदा कधी तपासला होता?" अकरा वर्षांत एकदाही नाही. मी लॅबमध्ये काम करते, हे सांगायचीही मला लाज वाटली.

त्या रात्री घरी आल्यावर दादाची फाइल काढली. अकरा वर्षांचे कागद जमिनीवर मांडले आणि प्रत्येक सीबीसीवर भागाकार करत गेले. एनएलआर १.५ पासून २.१ पर्यंत. ईएसआर १४, १८, १२. सीआरपी तीनदा केलं होतं, तिन्ही वेळा मर्यादेत. पडदा इकडे झिरपत होता आणि रक्त शांत होतं. हे सगळे आकडे माझ्या हातून निघालेले, माझ्या सहीचे. त्यांत चूक एकही नव्हती. जे विचारायला हवं होतं, ते मात्र मी अकरा वर्षं विचारलं नव्हतं.

उजव्या डोळ्याला लेसरच्या बैठका झाल्या, दोन्ही डोळ्यांत इंजेक्शनं झाली. आज डाव्या डोळ्याने तो मोठी अक्षरं वाचतो, उजव्याने माणसं आकारावरून ओळखतो. दुकानाची वही आता त्याचा पुतण्या कॉम्प्युटरवर लिहितो. पाडव्याला वहीपूजनाला मालक अजून दादालाच बोलावतात. पहिल्या पानावर 'श्री' तोच काढतो, बोटाने कागदाची कड चाचपून.

पडद्याचा आजार दुखत नाही, टोचत नाही, डोळा लाल होत नाही. बराच पुढे गेल्यावरही चष्म्याच्या दुकानातल्या पाटीवरची शेवटची ओळ माणूस वाचू शकतो. म्हणूनच टाइप टू मधुमेहात निदान झालं त्याच वेळी पडदा तपासायचा आणि पुढे दरवर्षी, असं सांगतात. टाइप वनमध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरुवात करायची. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले, तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो. फार चढलेली साखर औषधांनी किंवा इन्शुलिनने झटकन खाली आणली, तर सुरुवातीला पडदा थोडा बिघडूही शकतो. त्यामुळे मोठा बदल करण्याआधी डोळे दाखवलेले बरे. साखर आवरल्याचा लांबचा फायदा मात्र मोठा आहे. १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासात, टाइप वनच्या ज्या रुग्णांचा पडदा सुरुवातीला चांगला होता, त्यांच्यात साखर काटेकोर ठेवल्याने तो बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता.

आपल्या देशाचा हिशोब लहान नाही. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये भारतात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या स्मार्ट इंडिया अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यात बिघाड सापडला आणि ४ टक्के लोकांचा बिघाड दृष्टी घालवण्याइतका होता. म्हणजे आठांतला एक आणि पंचविसातला एक. आमच्या लॅबमध्ये सोमवारी सकाळी उपाशीपोटी बसणाऱ्यांची रांग पंचवीसच्या वरच असते. मी हल्ली ती रांग मोजते.

आणि यावर उपाय होतो, हे इंग्लंडने करून दाखवलं आहे. तिथे २००३ पासून मधुमेहींना बोलावून पडद्याचे फोटो काढायची राष्ट्रीय योजना सुरू झाली. कामाच्या वयातल्या लोकांच्या नोंदलेल्या अंधत्वाचं मुख्य कारण तिथे निदान पन्नास वर्षं मधुमेह होतं. २००९-१० च्या नोंदींत तो पहिल्या क्रमांकावरून खाली आला. साखरेवरचे उपचार सुधारले, हेही त्यामागे असणार. पण डोळ्याच्या बाबतीत त्यांनी भर दिला तो फोटोवर. दंडातल्या रक्ताच्या भागाकारावर नाही.

रक्त-लघवी तपासूच नका, असं मी कशी म्हणेन? माझं पोटच त्यावर चालतं. एचबीएवनसी करा, क्रिएटिनिन करा, हिमोग्लोबिन बघा. लघवीतलं अल्ब्युमिन तर जरूर बघा. किडनीच्या गाळण्या झिरपू लागल्या की पडदाही तपासायची घाई करावी, इतकं त्या दोघांचं नातं जवळचं आहे. एनएलआरच्या पॅकेजला जे पैसे देता, ते या लघवीच्या तपासणीला द्या. आणि रक्तदाब मोजून घ्या, त्याला तर सुईही लागत नाही. सिकलसेल असलेल्या घरांत एचबीएवनसी फसवं येऊ शकतं, हेही विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावं.

आता मागणी.

मधुमेहाचा पेशंट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं फिरकत नाही, पण लॅबमध्ये तीन-तीन महिन्यांनी येतोच. घरातल्या कोणाला ना कोणाला रिपोर्ट दाखवतो, तो जपून ठेवतो. मग एचबीएवनसीच्या प्रत्येक रिपोर्टखाली एक ओळ का छापू नये? "बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला? वर्ष झालं असेल तर तपासून घ्या." मराठीत, ठळक अक्षरांत. मर्यादेच्या रकान्याच्या खाली जागा मोकळीच असते.

आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा मी या ओळीचा रबरी शिक्का बनवून घेतला. दीड वर्ष झालं, प्रत्येक एचबीएवनसीवर स्वतः मारते. अडचण अशी की निम्म्याहून जास्त रिपोर्ट आता व्हॉट्सॲपवर पीडीएफने जातात, त्यावर माझा शिक्का पोचत नाही. ती ओळ सॉफ्टवेअरमध्येच हवी. लॅबच्या संघटनांनी ठरवलं तर एका दिवसाचं काम आहे. आरोग्य खात्याने सरकारी प्रयोगशाळांच्या रिपोर्टवर छापायला सुरुवात केली, तर खासगीवाले आपोआप मागे येतील. जोडीला प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आणि तो चालवणारं प्रशिक्षित माणूस हवं. फोटो जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून तिथल्या डॉक्टरांनी वाचला तरी चालतो. थेंबांशिवाय फोटो काढणारे कॅमेरेही आहेत. बाहुली फार लहान असेल किंवा मोतीबिंदू असेल तर फोटो धूसर येतो आणि थेंब टाकावेच लागतात, पण बऱ्याच जणांची सोलापूरची चक्कर वाचेल.

थेंबांना लोक घाबरतात, ते मला कळतं. तीन-चार तास जवळचं वाचता येत नाही, ऊन सोसत नाही, गाडी चालवायची नसते. शेतकरी माणसाचा दिवस मोडतो. म्हणून मी सांगते, बरोबर कोणाला तरी न्या, टोपी आणि गॉगल न्या, सकाळचाच नंबर लावा. वर्षातून एक दिवस.

आपल्यालाही विनंती आहे. अशा संशोधनाच्या बातम्या जरूर छापा, आम्हालाही त्यातून शिकायला मिळतं. फक्त मथळ्यात 'कळणार' लिहिण्याआधी एवढं पाहा, की तो आकडा आज एका माणसाचा डोळा वाचवायला वापरतात का. आणि बातमीच्या शेवटी थेंबांच्या तपासणीची ती एक ओळ द्या.

गुरुजी मागच्या शनिवारी पुन्हा आले होते. मुलीबरोबर सोलापूरला जाऊन आले. डाव्या डोळ्याचा पडदा ठीक, उजव्यात सुरुवातीचे बदल, दोन-तीन बारीक फुगे. आत्ता उपचाराची गरज नाही, साखर आणि रक्तदाब सांभाळायचे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. खिशातून त्यांनी तेच कात्रण काढलं. त्याच्या समासात पुढच्या तपासणीची तारीख लिहून ठेवली होती.

आपली नम्र,
एक लॅब तंत्रज्ञ, बार्शी (जि. सोलापूर)
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)